पयल्या भागात काय झालं?

माझ्या सासऱ्यांनी आजवर एकही सिनेमा नुसता पाहिलेला नाही. ते सिनेमात पाहुणे म्हणून जातात, आणि तिथल्या माणसांची ख्यालीखुशाली, जमीनजुमला, सोयरसंबंध सगळं समजून घेतल्याशिवाय परत येत नाहीत. आपण सोफ्यावर पसरतो, शेंगा खात बसतो, पडद्यावर जे व्हायचं ते होऊ देतो. त्यांना हे जमत नाही. टीव्हीसमोर बसायचं म्हणजे आधी तोंड धुवायचं, टोपी झटकून नीट घालायची आणि पाठ ताठ करून बसायचं. लोळत सिनेमा बघणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटतं. "दुसऱ्याच्या घरात कुनी आडवं हुतं व्हय?" असं त्यांनी मला एकदा विचारलं. घर माझं होतं, सोफा माझा होता, टीव्हीचे हप्तेही मीच भरत होतो. पण त्यांचं म्हणणं निराळं होतं. त्या वेळी पडद्यावर एका कुटुंबाचं स्वयंपाकघर दिसत होतं, घरातल्या बायका कामात होत्या आणि मी त्यांच्यासमोर तंगड्या पसरून पडलो होतो. मी मुकाट्यानं उठून बसलो.

पडद्यावर नवीन माणूस आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ह्यो कुनाचा कोन?" नटाचं नाव त्यांना लागत नाही, पात्राचंही लागत नाही. नातं लागतं. एकदा मी एक हेरगिरीचा सिनेमा लावला होता. हेर गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत पळत होता, मागून गोळ्या सुटत होत्या. सासरे म्हणाले, "ह्याच्या घरी कोन कोन असतं?" मी म्हटलं, माहीत नाही. "लगीन झालंय का?" माहीत नाही. "आईबाप हाईत का?" सिनेमात सांगितलेलं नाही, मी म्हटलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग तुमी येवडा येळ बघताय काय?" मी मराठीचा मास्तर आहे, पोरांना रसग्रहण शिकवतो, पण तो सिनेमा मी तिथंच बंद केला. आल्यागेल्याला पाणी विचारलं की नाही, यावरही त्यांचं बारीक लक्ष असतं. नायकाच्या बहिणीनं दारात आलेल्या पोस्टमनला पाणी विचारलं नाही, तर पुढे तिच्यावर कितीही संकटं येवोत, त्यांना पाझर फुटत नाही. उलट एका खलनायकानं नायकाला खुर्चीला बांधण्याआधी चहा पाजला होता. त्याला पोलीस घेऊन गेले तेव्हा सासरे हळहळले. "वळणाचा मानूस हुता," म्हणाले.

बर्फ हा मात्र त्यांचा खास प्रांत. औंधाजवळच्या त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, तसे तेही होते, आणि त्या नोकरीतले बरेच हिवाळे त्यांनी वर डोंगरात बर्फाच्या चौक्यांवर काढले. डाव्या पायाची करंगळी ते तिकडेच ठेवून आले आहेत. त्यामुळे हिंदी सिनेमातली नटी पातळ साडी नेसून बर्फात गाणं म्हणायला लागली की आमच्याकडे वातावरण गंभीर होतं. सासरे स्वतःच्या पायांवर चादर ओढून घेतात. "खोटा बर्फ," ते पुटपुटतात. "खऱ्या बर्फात मानूस हसत न्हाई." गाणं संपेपर्यंत ते तिच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडेच बघतात, आणि दहाही बोटं शाबूत दिसली की मग चादर बाजूला करतात.

हे सगळं मी आता लाडानं सांगतो आहे. पण लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मला या माणसाचा फक्त खोकला ठाऊक होता, तोही फोनवर सासूबाईंच्या मागून ऐकू येणारा. बायकोची नि माझी गाठ कऱ्हाडला कॉलेजात पडली. ती औंधाकडच्या शेतकऱ्याची लेक, मी सांगलीचा ख्रिस्ती. आमच्या घरात चार पिढ्या नाताळ होतो. लग्न सांगलीला झालं. सासूबाई आल्या, मेहुणा आला. सासऱ्यांच्या उसाला त्या दिवशी नेमकी पाण्याची पाळी होती, असं आम्हाला सांगण्यात आलं. त्यांनी आदळआपट केली नाही, शिव्याशाप दिले नाहीत, लेकीला दार बंद आहे असंही कधी म्हटलं नाही. ते फक्त आले नाहीत. मला वाटतं, भांडले असते तर बायकोला सोपं गेलं असतं.

तिच्या गावाकडे दिवाळीला मुराळी येतो. मुराळी म्हणजे सासरी असलेल्या लेकीला न्यायला आलेला माहेरचा माणूस, तिचा बाप नाहीतर भाऊ. तसं बघितलं तर लेक आपल्या पायानं माहेरी जाऊ शकते, सांगलीहून कऱ्हाडला एसटी दर अर्ध्या तासाला सुटते. पण ते जाणं वेगळं आणि मुराळ्याबरोबर जाणं वेगळं. मेहुणा पहिल्याच दिवाळीला न्यायला आला होता. बायकोनं त्याला जेवू घातलं, ओवाळलं आणि सांगितलं, "आबा आले तर येईन." तोही तिचाच भाऊ, त्यानं जास्त ताणलं नाही. पुढे तीन दिवाळ्या तिनं वसुबारसेला कपाटावरची बॅग खाली काढली, साड्या भरल्या, आणि भाऊबीज झाली की त्याच साड्या पुन्हा कपाटात लावल्या. हे ती मी घरात नसताना करायची. बॅगेवरची धूळ पुसलेली दिसायची, त्यावरून मला कळायचं.

चौथ्या वर्षी डिसेंबरात सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला. मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन दिवस प्रवास नको, परवा सकाळी पट्टी सोडायला या. मेहुणा बरोबर होता, तो त्यांना लॉजवर ठेवणार होता. पण तेवढ्यात गावाहून फोन आला की उसाची तोड आली. ज्याचा ऊस आहे त्याला विचारा, तोड आली म्हटल्यावर माणूस बोहल्यावरूनही उठून जाईल. मेहुण्यानं बापाला रिक्षात घातलं, माधवनगर रस्त्यावरच्या आमच्या घरासमोर उतरवलं, फाटकातूनच "ताई, सांभाळ," एवढं ओरडला आणि त्याच रिक्षानं स्टँडवर गेला. ही तोड खरी होती की सासूबाईंनी गावात बसून आणली होती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मी दार उघडलं तेव्हा एका डोळ्यावर हिरवी पट्टी, डोक्यावर पांढरी टोपी, हातात पिशवी अशा थाटात ते उभे होते. दुसऱ्या डोळ्यानं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पाव्हणं, बरं हाय न्हवं?" म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "बरं आहे, मामा."

त्या संध्याकाळी बापलेकीचं सगळं संभाषण माझ्यामार्फत झालं. "विचारा, भाकरी वाढू का." "सांगा, पुरं." "विचारा, गोळी घेतली का." "घेतली म्हनावं." दोघं एका खोलीत, दोन हातांच्या अंतरावर, आणि मी मधे पोस्ट ऑफिससारखा. माझी आई त्या वर्षी थोरल्या भावाकडे गेली होती, नाहीतर निदान दोन खिडक्या तरी उघडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी नाताळ. सकाळी बाहेर बोलण्याचा आवाज आला म्हणून आम्ही दोघं उठून गेलो, तर सासरे अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून उभे होते. डोळ्याला पट्टी तशीच. नाताळला आमच्या दारात कागदाची पाच टोकांची चांदणी लावतात, आत दिवा सोडतात. ती चांदणी त्यांनी गाठ सोडून खाली घेतली होती आणि शेजाऱ्यांना कुंपणावरून ऐकवत होते, "दिवाळी हून दीड म्हैना झाला, आजून कंदील लोंबतोय! घरात दोन-दोन मास्तर!" वाकायचं नाही, चढायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. माझी बायको शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांत आमच्या घरात तिच्या तोंडून पुस्तकी मराठीखेरीज मी काही ऐकलं नव्हतं. ती उंबऱ्यातून ओरडली, "आबा! उतरा आदी खाली! डोळा फुटंल न्हवं! आक्कल हाय का न्हाई तुमास्नी?"

तीन वर्षांचं मौन सुटलं ते असं. सासरे जागच्या जागी आक्रसले. एके काळी जवानांच्या तुकड्या हाकणारा माणूस चांदणी पोटाशी धरून खुर्चीवरून उतरला आणि बारीक आवाजात म्हणाला, "उतरलो की आक्का." मग तिनं त्यांना सांगितलं की हा दिवाळीचा कंदील नाही, ही आजचीच आहे. त्यांनी चांदणी फिरवून फिरवून पाहिली. आत गेल्यावर ताटात करंज्या, चकल्या, शंकरपाळी दिसली तशी ते आणखी गोंधळले. "ह्ये तर दिवाळीचंच हाय सगळं." मी म्हटलं, "होय मामा, आमची जरा उशिरा असते." त्यांनी एक करंजी मोडून खाल्ली, थोडा विचार केला आणि मला म्हणाले, "चला, कंदील लावून घिऊ." चांदणी मी लावली. ते खाली उभे राहून "जरा डाव्या अंगाला, आजून, हां, आता जास्ती झालं" असं पाऊण तास सांगत होते.

दुपारी जेवणं झाली. बायको राहिलेल्या करंज्या करायला स्वयंपाकघरात बसली. बाहेरच्या खोलीत मी आणि ते. सकाळी बोलणं सुटलं होतं खरं, पण ओरडणं वेगळं आणि बोलणं वेगळं. अशा वेळी टीव्हीचा फार आधार होतो. मी लावला, तर कुठल्याशा वाहिनीवर हिंदीत केलेला इंग्रजी सिनेमा सुरू होत होता. नाताळात लावतात तसला, घरगुती, हसतखेळत जाणारा. नावाच्या शेवटी भला मोठा दोनचा आकडा होता. सासऱ्यांनी टोपी सारखी केली, पाठ ताठ केली.

"दोन कशाला?"

"दुसरा भाग आहे, मामा."

"आन् पयला?"

"तो येऊन गेला मागेच."

"आपन बघितला न्हाई."

"नाही."

ते उठायच्याच बेतात होते. आधी काय झालंय ते माहीत नसताना परक्याच्या घरात जाऊन बसायचं, हे त्यांना पटेना. "ह्यांच्यात कायतरी झालेलं आसनार," ते म्हणाले, "आन् आपन मधीच जाऊन बसायचं?" मी म्हटलं, बसा, कळेल हळूहळू. ते बसले, पण खुर्चीच्या कडेवर.

पडद्यावर बर्फ होता, बर्फात एक लाकडी घर होतं. घरात एक जाडजूड, पांढऱ्या दाढीचा म्हातारा होता आणि त्याचं एक केसाळ कुत्रं. म्हाताऱ्यानं तांबडालाल झगा घातला होता, कमरेला पट्टा, डोक्यावर तांबडी टोपी.

"ह्यो बँडवाला कुठला?" सासऱ्यांनी विचारलं.

मी सांगितलं की हा बँडवाला नाही, हा नाताळबाबा झालाय, शाळेतल्या पोरांना खाऊ वाटून आलाय, कपडे बदलायचे राहिलेत. तेवढ्यात म्हाताऱ्याला फोन आला. त्याची लेक लांब शहरात राहत होती आणि बर्फानं रस्ते बंद झाल्यामुळे नाताळला येऊ शकणार नव्हती. म्हातारा हूं, बरं, ठीक आहे, एवढंच बोलला आणि त्यानं फोन ठेवला. बहुधा लाइन खराब असावी. पण सासऱ्यांनी एका डोळ्यानं जे ओळखायचं ते ओळखलं.

"पोरीसंगं धड बोलला न्हाई ह्यो," ते म्हणाले. "आदी कायतरी झालंय. पाव्हणं, पयल्या भागात काय झालं?"

पहिला भाग मीही पाहिला नव्हता. तसं सरळ सांगायला हवं होतं. पण आतमध्ये लाटण्याचा आवाज येत होता, बॅगेवरच्या पुसलेल्या धुळीची मला आठवण झाली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पहिल्या भागात मुलीनं आपल्या मनानं लग्न केलं, मामा. वडिलांना ते पसंत नव्हतं. ते लग्नाला गेले नाहीत."

आतलं लाटणं थांबलं.

सासरे पडद्याकडेच बघत होते. मग त्यांनी विचारलं, "जावई कसा हाय?"

"बरा आहे. जरा बावळट आहे."

"कामधंदा?"

"मास्तर आहे."

माझं दुर्दैव असं, की नेमका त्याच क्षणी तो जावई पडद्यावर आला, तोही डोक्यावर शिरस्त्राण, हातात जाड नळी, आगीच्या बंबावर उभा. सासऱ्यांनी आपला एकुलता एक मोकळा डोळा माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, "शाळा सुटल्यावर करतो हे." ते "हां" म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे वळले. माझ्या मानेवरून घाम उतरत होता.

पुढे तो म्हातारा उठला, त्यानं कुत्र्याला हाक मारली, दुधाच्या जुन्या गाडीला धक्का मारून ती सुरू केली आणि त्याच तांबड्या झग्यात तो लेकीकडे निघाला. तसे सासरे सरसावून बसले. "पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "मुराळी निघाला." त्यानंतरचा तासभर मी सिनेमा कमी आणि सासरेच जास्त पाहिले. गाडी घसरली, कोंबड्यांच्या ट्रकात घुसली, पोलिसानं अडवली, कुत्र्यानं पोलिसाची टोपी पळवली. हे सगळं हसण्यासाठी केलेलं होतं आणि ते एकदाही हसले नाहीत. त्यांना उशिराची काळजी होती. गाडी बर्फात रुतली तेव्हा ते उभेच राहिले. "चाकाखाली पोतं घाल रं!" ते ओरडले. "पोतं न्हाई तर आंगावरचं घाल! रेस करू नगं, आजून खाली जाईल!" म्हाताऱ्यानं खरोखरच झगा काढला, चाकाखाली घातला, गाडी सुटली, त्यानं तो झगा झटकून पुन्हा अंगात घातला. सासरे घामाघूम होऊन खाली बसले. "बर्फ कापसाचा हाय," त्यांनी निकाल दिला, "पर मानूस खरा हाय."

शेवटी गाडी लेकीच्या दारात पोचली. म्हातारा उतरला, दाढीवरचा बर्फ झटकला. आत दिवा दिसत होता. त्यानं दार वाजवायला हात वर केला आणि आमच्याकडची लाईट गेली.

पंखा घरघरत थांबला. बायको केव्हापासून कोण जाणे, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातांना पीठ लागलेलं. सासऱ्यांनी तिच्याकडे मान वळवली नाही. काळ्या पडद्याकडे बघतच विचारलं, "आक्का, तिनं दार उगडलं असंल का गं?"

"उगडंल की, आबा. मुराळी दारात आल्यावर कोन दार लावून घेतंय?"

"तीन वर्सांनी आला तर?"

"तरीबी."

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. डोळ्यातून पाणी येऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं मला आठवलं, पण ते कुणाला सांगणार? बायको पुढे आली, पदराच्या कोरड्या टोकानं तिनं त्यांचा मोकळा डोळा पुसला आणि म्हणाली, "पट्टी वली करू नका." थोड्या वेळानं लाईट आली तेव्हा पडद्यावर नुसती नावं वर सरकत होती.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

"काय झालं?"

"सांगितलं की आबा," बायको पुन्हा आत जाता जाता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तोड उरकून मेहुणा आला आणि ते गेले. जाताना "येतो आक्का" एवढंच म्हणाले. पुढे दहा महिने फोनवर सासूबाईंच्या मागून फक्त खोकलाच ऐकू येत होता, फरक एवढाच की आता तो आमचा फोन लागल्या लागल्या सुरू व्हायचा. दिवाळी आली. वसुबारसेला बायकोनं बॅग काढली, या वेळी माझ्यादेखत. मला भीती वाटत होती. चार दिवसांनी तिला ती बॅग रिकामी करताना मला बघवलं नसतं.

धनत्रयोदशीला सकाळी दहाच्या सुमाराला फाटक वाजलं. ऊन चांगलंच चढलं होतं. फाटकात सासरे उभे होते, दोन्ही डोळे उघडे, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, आणि अंगात गळ्यापर्यंत बंद केलेला लालभडक लोकरी स्वेटर. औंधाहून कऱ्हाड, कऱ्हाडहून सांगली, दोन एसट्या बदलून, ऑक्टोबरच्या उन्हात ते हा स्वेटर घालून आले होते. कपाळावरून धारा लागल्या होत्या.

"मामा, हे काय?" मी विचारलं.

"मुराळ्यानं तांबडं घालायचं आसतंय न्हवं तुमच्यात?" ते म्हणाले. "मंडईत हुडकून हुडकून आनला. म्हनलं, पोरीच्या सासरच्या रीतीला उनं नगं."

मी हसायला तोंड उघडलं आणि मला हसता आलं नाही. आमच्यात अशी काही रीत नाही, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही, आणि नंतरही कधी सांगितलं नाही. बायको बॅग घेऊन बाहेर आली. ती त्यांच्या पाया पडली आणि पहिलं काम कुठलं केलं असेल, तर त्या स्वेटरची बटणं सोडली. ती पाणी आणायला आत गेली तेव्हा ते माझ्याजवळ सरकले.

"पाव्हणं, पयला भाग बघितला म्या. पोरानं मोबाईलवर लावून दिला."

मी त्यांच्या हातातली शेंगांची पिशवी घेतली.

"त्यात लगीन न्हाई, रुसवा न्हाई, कायबी न्हाई. कुत्रं हरवलंय नुसतं."

"चुकलं, मामा."

"मास्तर मानसानं आसं खोटं सांगू नये," ते म्हणाले. मग पाण्याचा तांब्या येताना दिसला तसे घाईघाईनं पुढे म्हणाले, "पर बरं झालं सांगितलंत."

त्यानंतर दर धनत्रयोदशीला तो तांबडा स्वेटर आमच्या फाटकात येत राहिला. नाताळला ते पुन्हा यायचे, तोच सिनेमा लागला तर पुन्हा बघायचे, दरवेळी त्याच जागी "पोतं घाल" म्हणून ओरडायचे. म्हाताऱ्यानं या वर्षीही ऐकलं, याचा त्यांना दरवेळी नव्यानं आनंद व्हायचा. सिनेमाचा शेवट मात्र त्यांनी अजून बघितलेला नाही. म्हातारा दार वाजवायला हात वर करतो, तेव्हा ते उठून हात धुवायला जातात. पुढचं आक्कानं सांगितलंय, म्हणतात. फाटकातून आत शिरताना वर चांदणीकडे बघून त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "मास्तर, दिवाळी हून किती दिस झालं? आजून कंदील लोंबतोय!" आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

यंदा दिवाळीला ते आले नाहीत. गुडघे चालेनात, आणि सासूबाई म्हणाल्या, हल्ली जरा विसरतातही. एकदा शेतातून येताना भलत्याच घरात जाऊन बसले होते. त्या घरच्यांनी चहा केला, यांनी प्यायला, सगळ्यांची चौकशी केली, मग मेहुणा जाऊन घेऊन आला. बायकोनं या वर्षीही बॅग भरली होती. मी म्हटलं, मी नेऊन सोडतो, गाडी आहे. ती म्हणाली, नको. भाऊबीजेनंतर साड्या कपाटात गेल्या.

मग नाताळच्या आदल्या दिवशी मी रजा टाकली, शेजाऱ्याच्या पोरीचा तांबडा मफलर मागून घेतला, गळ्याभोवती गुंडाळला आणि गाडी काढली. कऱ्हाड ओलांडलं, औंधाच्या वाटेला लागलो. गावात पोचलो तर ते अंगणात बाजेवर बसलेले, पाय चादरीत. मी जवळ गेलो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. चेहऱ्याची ओळख लागत नव्हती, हे मला दिसलं. मग त्यांची नजर मफलरवर आली. तोंडभर हसले आणि घरात वळून त्यांनी हाक दिली, "आगं ए, पिशवी भर माजी! मुराळी आलाय!"

गाडीत ते वाटभर झोपले. दुपार कलताना घरी पोचलो. बायको फाटकातच उभी होती. मी त्यांना धरून उतरवलं. फाटकाशी ते थांबले आणि मान वर करून चांदणीकडे बघायला लागले. मी त्यांच्या हसण्याची वाट बघत होतो.

"दिवाळी हून किती दिस झालं गं?" त्यांनी विचारलं. या वेळी ते हसले नाहीत. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"आजच हाय की, आबा," ती म्हणाली. "चला, पाय धुऊन घ्या."